पुलाची हजेरी

आमच्या नदीवरचा पूल साहेबांच्या चिठ्ठीवर नोकरीला लागला आहे, त्यामुळं तो रोज कामावर येत नाही.

यात गावात कुणाला नवल वाटत नाही. शाळेचा शिपाई चिठ्ठीवर लागला, तो रोज येत नाही. टाकीचं पाणी सोडणारा चिठ्ठीवर लागला, तोही रोज येत नाही. मग पुलानंच रोज यावं असं कोण कुठल्या तोंडानं म्हणणार? साहेब म्हणजे आमचे आमदार. त्यांची चिठ्ठी लहानशी असते, विडीच्या पानाएवढी, पण तिच्यावर माणूस लागतो, बोअर लागते, तसा पूल लागला.

जागा एकच होती आणि अर्ज तीन पुलांचे आले होते. एक दगडी पूल होता, लांबच्या जिल्ह्यातला, सत्तर वर्षं पुरात उभा राहिलेला. मुलाखतीला तो स्वतःच्या पायांनी आला होता. दुसरा लोखंडी. त्याला विचारलं, "तुम्ही कुणाचे?" तो म्हणाला, "येणाऱ्याजाणाऱ्यांचा." त्याला जरा बाहेर थांबायला सांगितलं. तो अजून थांबलाय म्हणतात, तालुक्याच्या कचेरीमागं. अंगावर घोसाळ्याचे वेल चढलेत. तिसरा आमचा. साहेबांच्या कारखान्याच्या दारात जी मोठी कमान आहे, तिचा तो भाचा. कठड्याला एकाच बाजूनं रंग होता, साहेबांची गाडी ज्या बाजूनं येते त्या. त्याला काहीच विचारलं नाही.

आता माझं सांगतो. मी केरबा, जातीचा आंबी. आंबी म्हणजे नाव चालवणारे. आमच्याकडं नाव नव्हती, काहिल होती. गुऱ्हाळात गूळ करायची मोठी पसरट कढई असते, ती काहिल. पाण्यात सोडली की सात-आठ माणसं आणि एखादी शेळी आरामात पलीकडं जाते. पलीकडं तालुका, दवाखाना, बाजार, सगळ्या कचेऱ्या. अलीकडं आमचं गाव आणि थोडं वरच्या अंगाला साहेबांचं फार्महाऊस. मधली नदी बंधाऱ्यामुळं बारमाही दोन पुरुष खोल. मी पन्नास वर्षं काहिल लोटली. वडील लोटत होते, त्यांच्या आधी आजा.

पूल लागला तेव्हा माझं काम गेलं. कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं की केरबा आता खाणार काय. साहेबांनी मलाही चिठ्ठी दिली: सदर इसमास सामावून घ्यावे. मला पुलाचा हजेरीदार म्हणून सामावून घेतलं. काम सोपं होतं. सकाळी दहाला नदीवर जायचं, करंजाच्या झाडाखाली बसायचं आणि पूल आहे का बघायचं. असला तर वहीत त्या दिवसाच्या चौकोनात अंगठा. नसला तर फुली. अंगठ्यासाठी शाईची डबी दिली होती. फुलीसाठी एक पेन्सिल वहीला दोऱ्यानं बांधलेली होती. तिला टोक काढलेलं नव्हतं.

उद्घाटनाला पूल आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी मी दुपारपर्यंत वाट बघितली. म्हटलं, नवा आहे, उशीर झाला असेल. मग ग्रामपंचायतीचे ग्रामसेवक आले, तुपे भाऊसाहेब.

"आबा, अंगठा द्या."

"पूल आला न्हाई अजून."

"रुजू झालाय ना? रुजू झाला म्हणजे आलाच."

मी विचार केला. मीही चिठ्ठीवरचा. आज मी त्याच्या नावावर फुली मारली, तर उद्या माझ्या नावावर कुणीतरी मारेल. अंगठा दिला. त्यानंतर रोजच देत गेलो. सवय लागली की शाई लागल्याचंही कळत नाही.

लोकांना पलीकडं तर जावंच लागायचं. म्हणून काहिल मी सोडली नाही. भाऊसाहेब म्हणाले, "काहिल पाण्यात असू द्या, पण ती काहिल आहे असं कुठं बोलू नका." मी म्हणालो बरं.

पूल अगदीच येत नव्हता असंही नाही. साहेब यायचे असले की तो आधी नदीवर हजर. साहेबांची गाडी उतरली की गाडीमागनं तोही फार्महाऊसवर जायचा. शिवाय मधेच कधी भर दुपारी, लोक रानात असताना, साहेबांच्या कुणा माणसासाठी यायचा. कुणाचा उसाचा ट्रॅक्टर, कुणाच्या घरचं वऱ्हाड. तेवढ्यांना पार करून परत. कुणासाठी आला हे दिसायचं नाही. दिसायचे ते पाय.

कारण काहिलीत तळाला नेहमी थोडं पाणी असतं. काहिलीनं आलेल्या माणसाचे पाय घोट्यापर्यंत ओले. पुलावरून आलेल्याचे कोरडे. गावाच्या तोंडाशी हौसाआक्का बसते, तिला दुसरं काम नाही. तालुक्याहून कुणी आलं की ती आधी पाय बघायची, मग तोंड. ओला असला तर म्हणायची, "ये बाबा, च्या घेतोस?" कोरडा असला तर पदर सारखा करायची आणि गप्प बसायची. त्या गप्प बसण्यावरून साऱ्या गावाला कळायचं की आजपासून ह्याच्यासमोर बोलायचं नाही.

साहेबांच्या माणसांना हे कळल्यावर ती नदीत पाय बुडवून गावात शिरू लागली. आक्कानं तेही ओळखलं. गुडघ्यापर्यंत भिजलेला माणूस दिसला की विचारायची, "एवढा कशाला भिजलास रं? काहिलीत तर घोट्याएवढंच पाणी असतंय." त्यामुळं खरंच पाय घसरून पाण्यात पडलेल्या दोघातिघांशीही गावानं बोलणं टाकलं. सख्खे भाऊ एकमेकांच्या चपला उलट्या करून बघायचे. लग्न जुळवताना मुलाचे पाय बघायची पद्धत पडली.

माझ्या घरात मालन, माझी सून. माझा मुलगा शिवाप्पा सहा वर्षांपूर्वी तापानं गेला. पूल तेव्हा लागलेला नव्हता, त्यामुळं त्यात पुलाचा काही दोष नाही. मालन माहेरी गेली नाही. तालुक्याला राहून नर्सचं शिकली, परीक्षेला बसली आणि यादीत पहिली आली. ह्या माघात तिला ऑर्डर आली. पलीकडच्या आरोग्य केंद्रात गुरुवारी सकाळी अकराच्या आत मूळ कागद घेऊन रुजू व्हायचं. न झाल्यास जागा यादीतल्या दुसऱ्या नावाला जाईल. दुसरं नाव वैशालीचं. वैशाली म्हणजे साहेबांच्या गाडीवरच्या दिनकर ड्रायव्हरची बायको.

मालननं मला तो कागद तीनदा वाचून दाखवला.

"ह्यात साहेबांचं नाव कुठं आलंय?" मी विचारलं.

"कुठंच न्हाई, मामंजी."

"मग हा कागद खरा हाय कशावरून?"

ती हसली. मी काही हसण्यासाठी बोललो नव्हतो. मी कागद उन्हात धरून पाठीमागनं बघितला. शिक्का होता, पण शिक्के मी पुष्कळ बघितलेत.

हौसाआक्का तर सरळ म्हणाली, "चिठ्ठीबिगर ऑर्डर? मालन, आम्ही काय दूधखुळ्या हाय व्हय?"

"पहिली आले, आक्का."

"तेच म्हणते मी. पहिली कशी आलीस?"

मंगळवारी सकाळी भाऊसाहेब ट्रॅक्टर आणि चार गडी घेऊन नदीवर आले. माझ्याकडं बघून नमस्कार केला. ते एरवी करत नाहीत, म्हणून मला जरा संशय आला.

"आबा, काहिल न्यायची आहे."

"कुठं?"

"जप्त करायची आहे. पुलाच्या कामात अडथळा येतोय."

"पूल कुठाय?"

त्यांनी वही उघडून माझ्यापुढं धरली. "हा काय. काल अंगठा. परवा अंगठा. मोजलेत मी. सातशे एकोणीस दिवस पूल इथून हललेला नाही. पूल हजर असताना लोक काहिलीनं जातात, म्हणजे लोकांचा पुलावर विश्वास नाही असा अर्थ होतो. साहेबांना ते लागलंय."

मी अंगठे बघितले. माझेच होते. मधला एक जरा तिरका पडला होता, त्या दिवशी मला खोकला होता.

"परत कधी मिळंल?"

"शुक्रवारी."

"गुरुवारी मालनला पलीकडं जायचंय, भाऊसाहेब."

भाऊसाहेब ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत म्हणाले, "मग जाऊ दे की. पूल आहे."

काहिल ट्रॅक्टरवर पालथी घातली. पन्नास वर्षांत तिची बाहेरची बाजू मी पहिल्यांदा कोरडी बघितली.

मालनला पोहता येत नाही. मी तिला पाठीवर घेऊन गेलोही असतो, पण मूळ कागद भिजले की ते मूळ राहत नाहीत असं ती म्हणाली. म्हणून बुधवारी हजेरीच्या आधी मी फार्महाऊसवर गेलो.

पूल आंब्याच्या बागेत सावलीला पडला होता. अंगानं चांगला भरला होता. पाठीवर लांबच लांब सतरंजी अंथरलेली, आदल्या दिवशी तिच्यावर पाहुण्यांच्या पंगती बसल्या असाव्यात. भाताची शितं अजून तशीच होती आणि चिमण्या ती टिपत होत्या.

"या आबा," पूल म्हणाला. "बसा माझ्यावर."

"बसायला आलो न्हाई. उद्या सकाळी घटकाभर नदीवर ये."

"उद्या साहेब येणार आहेत?"

"न्हाई."

"मग कोण?"

"माझी सून जाणार हाय. पलीकडं."

पुलाच्या सांध्यात कुठंतरी कर्रकर्र वाजलं.

"तिची चिठ्ठी?"

"चिठ्ठी न्हाई. ऑर्डर हाय. सरकारची."

"ऑर्डर असू द्या हो. चिठ्ठी लागते."

"तू सरकारचा पूल न्हाईस व्हय?"

"आबा, रागावू नका. तुम्हाला खरं सांगतो. पहिले दोन दिवस माझं मन होतं रोज यायचं. ऊन खायचं, लोकांची पावलं ऐकायची. पण मला समजावून सांगितलं गेलं. मी रोज उभा राहिलो, तर माझ्यावरून सगळेच जातील. सगळेच माझ्यावरून जाऊ लागले, तर साहेबांकडं कोण जाईल?"

मी चिमण्यांकडं बघत राहिलो.

"तुम्हीही चिठ्ठीवरचे, मीही चिठ्ठीवरचा," पूल म्हणाला. "आपण एका घरचे."

"तू कमानीचा भाचा. मी आंबी. एका घरचे कसे?"

"रोज अंगठा देता ना माझ्यासाठी? सोयरे तरी एवढं करतात का?"

मी उठलो. निघताना पूल म्हणाला, "दहा वाजत आले, आबा. हजेरीला उशीर होईल."

हजेरीला उशीर झाला नाही. करंजाखाली बसलो, वही मांडीवर घेतली. शाईची डबी उघडली आणि परत लावली. मग कमरेचा विळा काढून पेन्सिलीला टोक काढलं. हळूहळू काढलं, शिसं मोडू नये म्हणून. फुलीला दोन रेघा लागतात. पहिली मारली तेव्हा वाटलं, ही नुसती रेघ आहे, हिचा अजून काही अर्थ होत नाही. तिच्याकडं जरा वेळ बघितलं. मग दुसरी मारली.

भाऊसाहेब वही न्यायला आले आणि उभेच राहिले.

"आबा, हे काय केलंत?"

"पूल न्हाई आज."

"पूल नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून काय वहीत लिहायचं?"

त्यांनी तिथूनच दोनतीन फोन केले. तीनच्या सुमाराला पलीकडच्या काठावर एक जीप येऊन थांबली. पुलांच्या खात्याचे कुलथे साहेब आले होते. त्यांना अलीकडं येता येईना, म्हणून ते तिकडच्या काठावर आणि आम्ही इकडच्या, मधे नदी, आणि बोलणं भाऊसाहेबांच्या फोनवर, मोठ्या आवाजात. मालन माझ्याशेजारी उभी होती. मागं हौसाआक्का आणि निम्मं गाव.

"पुलाचं पद अत्यावश्यक सेवेत येतं," फोनमधनं कुलथे साहेब म्हणाले. "ते एक दिवसही रिकामं राहू शकत नाही. मूळ कर्मचारी गैरहजर दाखवला, तर त्याच कार्यालयातल्या लगतच्या कर्मचाऱ्यानं अतिरिक्त कार्यभार घ्यायचा. पुलाच्या कार्यालयात कर्मचारी किती?"

"दोन," भाऊसाहेब म्हणाले. "पूल आणि केरबा आंबी."

"मग प्रश्न मिटला. आंबींनी उद्या सकाळपासून पुलाचा कार्यभार घ्यावा."

मी भाऊसाहेबांच्या हातातल्या फोनकडं तोंड केलं. "साहेब, माझं वय बहात्तर हाय."

"पुलाला वयाची अट शंभर वर्षं आहे."

"नदी दोनशे फूट हाय. मी साडेपाच."

"साडेपाच ही तुमची उंची झाली. पुलाची लांबी बघतात. तुम्ही आडवे पडून बघितलंय का कधी?"

नदीवर कधी बघितलं नव्हतं. तसं सांगितलं.

"मग आधीच नाही कसं म्हणता?" कुलथे साहेब म्हणाले आणि जीप गेली.

मालन म्हणाली, "मामंजी, असलं काही करू नका. मला नको ती नोकरी."

"तुझं कागद कोरडं ऱ्हायला पाहिजेत," मी म्हणालो.

हौसाआक्का मागनं हळूच म्हणाली, "बघा, म्हाताऱ्याला बढती मिळाली. म्हटलंच होतं मी, काहीतरी आतनं ठरलंय."

गुरुवारी सकाळी आठला मी अंगावरची बंडी काढून करंजाला अडकवली आणि काठावर पालथा पडलो. पायाची बोटं खडकाच्या फटीत रुतवली, हात पुढं केले. आधी पाणी गार लागलं, मग लागेनासं झालं. मी सरकत राहिलो. घाई केली नाही. जन्मभर त्याच वाटेनं काहिल लोटलेली, हातांना सगळं ठाऊक होतं: इथं भोवरा, इथं बुडालेली बाभळ, इथून पाणी संथ. बऱ्याच वेळानं बोटांना पलीकडचं शेवाळ लागलं. मी ते घट्ट धरलं. एवढंच झालं.

मालन माझ्या टाचांपाशी येऊन थांबली होती.

"मामंजी, तुमच्यावर पाय कसा देऊ?"

"मधल्या मणक्यावर देऊ नकोस, तिथं जरा कच्चं हाय. कडंनं जा."

ती वाकली. माझ्या टाचेला हात लावून तो तिनं कपाळाला लावला. चपला हातात घेतल्या, कागदांची पिशवी छातीशी धरली आणि चालू लागली. ती जड नव्हती. माझ्या खांद्यावर आली तेव्हा तिचा श्वास ऐकू आला, मग हातांवरून गेली, मग बोटांवरून उतरली. वळून बघू नकोस असं मी सांगून ठेवलं होतं. तिनं बघितलं.

दहा चाळीसला ती रुजू झाली. आरोग्य केंद्रात वैशाली नऊपासून बाकावर बसून होती, हातात गुच्छ आणि पेढ्यांचा बॉक्स. मालनला बघून ती म्हणाली, "तू कशी आलीस?"

"पुलावरून."

वैशालीनं तिच्या पायांकडं बघितलं. कोरडे होते. तिनं पेढ्यांचा बॉक्स पिशवीत घातला आणि बाहेर जाऊन फोन लावला.

त्या दिवशी माझ्यावरून दुसरं कुणी गेलं नाही. गाव काठावर उभं राहून बघत होतं. चिठ्ठीवरचा हजेरीदार, तो आता चिठ्ठीवरचा पूल झाला, ह्यात काय डाव आहे ते त्यांना उलगडेना. शुक्रवारी काहिल परत आली नाही, तेव्हा हौसाआक्कानं आधी आपली शेळी पाठवली. शेळी मधोमध थांबून लेंड्या टाकून पलीकडं गेली. मग आक्का गेली. मग सगळेच जाऊ लागले. सकाळी बाजारची माणसं, दुपारी पोरं, उन्हं कलताना परतणाऱ्या बायका. दिवेलागणीला मी हात सोडतो आणि घरी जातो. लांबी लगेच उतरत नाही, जेवताना पाय उंबऱ्याबाहेर राहतात. मालन त्यांना तेल लावते.

आता सगळ्यांचेच पाय कोरडे. चार दिवस गावाला काही सुचेना. कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही, हे ओळखायची खूणच राहिली नाही. हौसाआक्का तर आजारी पडल्यासारखी दिसू लागली. पाचव्या दिवशी तिला रंग चढला. ती काठावर खाली बसून, डोळा पाण्याच्या रेषेला लावून बघू लागली की कुणाच्या पायाखाली मी किती वाकतो.

"तुक्या गेला तेव्हा केरबा चार बोटं वाकला," ती सांगायची. "सुताराच्या खाली तीन. आणि मालन गेली, तर जरासुद्धा न्हाई."

"मालन हलकी हाय, आक्का," मी पडल्या पडल्या म्हणालो.

"सगळ्याच सुना हलक्या असत्यात. बिनचिठ्ठीची ऑर्डर, आणि घरचाच पूल. आणि काय पुरावा पाहिजे?"

ते गावाला पटलं. मालनशी लोकांनी बोलणं टाकलं. ती पलीकडं त्यांच्याच पोरांना डोस पाजते, पोरांच्या आया डोस घेतात आणि न बोलता परत येतात.

आठव्या दिवशी जुना पूल आला. रिकाम्या अंगानं, सतरंजीबितरंजी काही नाही. माझ्याजवळ आला तेव्हा वाटलं, आता हा आपली जागा मागणार. पण तो करंजाखाली जाऊन बसला. वहीत एकदा गैरहजर लागल्यामुळं त्याला पुलाच्या पदावर बसता येत नव्हतं. माझी हजेरीदाराची जागा मात्र मोकळी झाली होती. साहेबांनी त्याला नवी चिठ्ठी दिली होती. त्याला हजेरीदार म्हणून सामावून घेतलं होतं.

हे काम तो रोज करतो. दहाच्या ठोक्याला येतो, वही उघडतो, माझ्याकडं नीट बघतो आणि पेन्सिल उचलून फुली मारतो.

"मी हाय की इथं," पहिल्या दिवशी मी म्हणालो.

"दिसताय, आबा. मी नाही कुठं म्हणतो?"

"मग फुली का?"

"हजर असलं तर अंगठा लावायचा असतो. पुलाला अंगठा कुठला? फुली तेवढी येते." मग जरा वेळानं म्हणाला, "टोक छान काढलंय तुम्ही."

आज बेचाळीस दिवस झाले. वहीत मी बेचाळीस दिवस गैरहजर आहे, आणि पहिला आठवडा कुणी भरलाच नव्हता म्हणून तोही त्यानं मागनं फुल्या मारून पुरा केला. त्यामुळं आता मालनची चौकशी लागली आहे. कुलथे साहेब दर बुधवारी सकाळीच, मालन कामावर जायच्या आधी येतात. माझ्यावरूनच येतात. ग्रामपंचायतीत खुर्ची टाकून बसतात, भाऊसाहेब लिहून घेतात, आणि मालनला समोर उभं करून विचारतात, "त्या गुरुवारी नदीवर पूल नव्हता. काहिल जप्त होती. तरी आपण दहा चाळीसला पलीकडे पोहोचलात. कशा?"

"मामंजींवरून."

"ते गैरहजर होते. दुसरं काही सांगायचं आहे?"

"न्हाई."

"मग पुढच्या बुधवारी."

पलीकडं पोचल्याचं सिद्ध झालं नाही, तर ती रुजूच झाली नाही असं धरून जागा वैशालीला द्यायची आहे. तोवर मालननं कामावर जायला हरकत नाही असं कागदात आहे.

काल बुधवार होता. परत जाताना कुलथे साहेब मधोमध थांबले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, चष्मा काढून पुसला आणि खाली वाकून हळूच विचारलं, "आंबी, तुम्ही खरंच इथं आहात का?"

"हाय, साहेब."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

"जरा कडंनं जावा," मी म्हणालो. "मधे कच्चं हाय."

ते कडेनं गेले.

साडेपाचला मालन पलीकडनं आली. चपला हातात, पिशवी छातीशी. माझ्या पाठीवर आल्यावर ती थांबली, खाली बसली आणि मधल्या मणक्यावर हात ठेवला.

"दुखतंय?"

"न्हाई. तू चल पुढं. आक्का बघतीया."

हौसाआक्का काठावर बसली होती, डोळा पाण्याच्या रेषेला लावून. करंजाखाली पूल वही मिटत होता. मालन उठली आणि चालू लागली. तिनं पुढचं पाऊल टाकलं तेव्हा मी जरा वाकलो. चार बोटं. आक्काला दिसेल एवढाच.